दर हजारी पाहुणे

९ फेब्रुवारी

ही वही खरं तर हिच्यासाठी आणली होती. डॉक्टर म्हणाले होते, दिवसभरात किती पाणी पोटात जातं ते लिहून ठेवत जा. हिने वही उलटसुलट करून पाहिली आणि माझ्या पुढ्यात टाकली. "मी किती पिते ते माझ्या लक्षात राहतं. तुम्हीच लिहा काहीतरी. तेवढंच माझं डोकं कमी खाल."

तर लिहितो. मी नगरपालिकेत आकडे लावतो. जन्म, मृत्यू, नळ, भटकी कुत्री आणि तळ्यावर येणारे पाहुणे. ऑफिसात मला सगळे 'सरासरी' म्हणतात. शिपायापासून साहेबांपर्यंत. पहिली दोन वर्षं राग यायचा, आता कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर मी मागे वळून बघतो, दुसरंच कुणी आहे की काय.

हिच्या दोन्ही मूत्रपिंडांनी दीड वर्षापूर्वी हात टेकले. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी मशीनवर. गावच्या रुग्णालयात दोन मशीनं आहेत, घरून चालत गेलं की दहा मिनिटं. मी दारापर्यंत सोडतो. आत जात नाही, रक्त दिसलं की मला घेरी येते. आत ही आणि सिस्टर चार तास गावाची धुणी धुतात. आज न्यायला गेलो तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, दहा हजारांच्या वर वस्ती म्हणून आपल्याला मशीनं तरी मिळाली. पलीकडच्या गावातल्या बायका पहाटे उठून शहरात जातात बिचाऱ्या."

ही घरी आली की दोन तास गाढ झोपते. मग उठून माझ्या चहाला नावं ठेवते. म्हणजे सगळं ठीक चाललंय.

१४ फेब्रुवारी

पर्यटन खात्याचा वर्षाचा तक्ता आला. सगळी शहरं एका माळेत. वर महानगर, लाखो पाहुणे घेऊन बसलेलं. आपण एकेचाळिसावे.

साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. "सुट्टीत तळ्यावर पाय ठेवायला जागा नसते, आणि आपण एकेचाळिसावे? सरासरी, तुम्ही काय झोपा काढता?"

मी म्हणालो, "साहेब, घरात चार माणसं असताना चार पाहुणे आले तर गादी काढून द्यावी लागते. मंगल कार्यालयात चार जादा आले तर कळतही नाही. महानगराची आणि आपली तुलना डोक्यामागे करायला हवी. दर हजार रहिवाशांमागे पाहुणे किती."

साहेबांनी चष्मा काढला. साहेबांनी चष्मा काढला की समजावं, गाडी रुळावर आली. "लिहून द्या," म्हणाले.

१ मार्च

खात्याने मानलं! पुढचा तक्ता दर हजारी. एवढ्या वर्षांत मी लिहिलेलं काही वरच्यांनी वाचलं असेल तर ते हेच. महानगर घसरून तिसाव्या जागी गेलंय. कच्च्या तक्त्यात आपण दुसरे. पहिला नंबर डोंगरावरच्या एका टीचभर गावाचा, माणसं मूठभर आणि धबधबा एक.

"दुसरा म्हणजे नापासांतला पहिला," साहेब म्हणाले. पहिल्या येणाऱ्या गावाला हवं ते बांधून मिळणार आहे. आपल्याला तळ्यावर पक्का धक्का हवाय. पाहुण्यांचा आकडा फुगवता येत नाही, खात्याची माणसं लॉजमध्ये जाऊन तपासतात.

मग मी घरी येताना विचार केला. भागाकारात दोन आकडे असतात.

७ मार्च

नियम असा बसवला: जो इथे झोपतो तो इथला. हॉस्टेलवरची मुलं, जहाजावर गेलेले, वर्षातले सात-आठ महिने लेकाकडे राहणारे म्हातारे, सगळे वजा. यात खोटं काय आहे? कागदोपत्री इथे, पण उशी भलतीकडेच. दहा हजार दोनशेचे नऊ हजार सातशे झाले.

हिला उत्साहाने सांगितलं. ती मोजून घेतलेल्या पाण्याचे घोट घेत बसली होती.

"म्हणजे आपल्या लेकीलाही कमी केलंत?"

"ती शहरात हॉस्टेलवर झोपते."

"तिची खोली मी रोज झाडते."

"अगं, खोली झाडल्याने माणूस रहिवासी होत नाही."

"माणसं कमी करून कुणी पहिलं येतं का हो?"

मी तिला कागदावर भागाकार करून दाखवला. तिने बघितलासुद्धा. मग म्हणाली, "हुशार आहात." ती असं म्हणते तेव्हा मला कधीच कळत नाही की शाबासकी आहे की टोमणा.

२८ मार्च

पहिले! महानगर कुठल्या कुठे. साहेबांनी सगळ्यांसमोर मला मिठी मारली. माझी दोन बटणं तुटली. वर्तमानपत्रात फोटो आलाय, त्यात मी साहेबांच्या खांद्यामागे अर्धा दिसतो. मिठाईचा डबा घरी आणला. हिला गोडाचं आणि दुधाचं पथ्य, तरी तिने नखाएवढा तुकडा मोडून तोंडात टाकला. "तुमच्या नंबरासाठी," म्हणाली.

१२ एप्रिल

सकाळी सोडायला गेलो तर सिस्टर दारातच उभ्या. तोंड उतरलेलं. आरोग्य खात्याचा हुकूम आलाय. रुग्णालयाचा दर्जा कमी केला. मशीनं महिनाअखेरीस शहरात, म्हणजे त्याच महानगरात, हलवणार. बाळंतपणाचा विभागही बंद.

मी तिथेच आवाज चढवला. माणसं आहेत की दगड! ज्यांची बायको आठवड्यातून दोनदा मशीनवर असते त्यांनी काय करायचं? कोण गाढव आहे वर बसलेलं? सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. हिचा हात धरून तिला आत घेऊन गेल्या.

१५ एप्रिल

गाढव सापडलं.

आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेलो होतो, भांडायलाच. त्यांनी शांतपणे कागद सरकवला. वस्ती नऊ हजार सातशे. खाली नगरपालिकेचा शिक्का, आणि तयार करणाऱ्याची सही. माझी.

मी म्हणालो, "साहेब, हा आकडा पर्यटनासाठी होता."

ते म्हणाले, "एका गावाला दोन लोकसंख्या असतात का?"

परत येऊन साहेबांना सांगितलं, आकडा दुरुस्त करू. साहेबांनी दार लावलं. "धक्क्याचे खांब रोवलेत. आता दुरुस्त केला तर आपण खोटं लिहिलं असं होईल. तुम्हीच लिहिलंत, सरासरी. नोकरी तुमची जाईल. वर्षअखेरीला नवी मोजणी करू, तेव्हा बघू. तोवर बस आहेच की शहराला."

मी हो म्हणालो. नोकरी गेली तर औषधं कुठून आणायची, हाही विचार डोक्यात होता. की तो आता लिहिताना सुचला? देव जाणे.

हिला सांगितलं, वरून हुकूम आलाय, आपल्या हातात काही नाही. "बरं," म्हणाली. एक शब्द विचारला नाही. मी सुटलो.

७ मे

पहिल्या दोन खेपांना मी बरोबर गेलो. तीन तास जायला, चार तास मशीन, तीन तास यायला. शहरातल्या रुग्णालयात मला घेरी आली आणि नर्सने हिला सोडून मला वारा घातला. ही हसून हसून बेजार. "तुम्ही घरीच बरे. नाहीतर दोघांना झोपवायला लागेल."

आता सुट्ट्यांचा हंगाम. माझी रजा रद्द. ती एकटी जाते. सकाळी साडेसहाला नाक्यापर्यंत पिशवी घेऊन मी जातो, पुढे बसस्थानक दोन पावलांवर. मेव्हणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, शहरात राहतो. त्याचा फोन होता: "भावजी, ताईला माझ्याकडेच ठेवा ना." हिने ऐकून घेतलं नाही. "त्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते," म्हणाली. "आणि तुम्ही इथे उपाशी मराल."

२४ मे

कधी नव्हे एवढी गर्दी. पेपरात नंबर वाचून लोक बघायला येतात, की एवढं काय आहे. काय आहे? तळं आहे. धक्का अर्धा झालाय, त्याच्यावर उभं राहून फोटो काढतात. लॉज भरले, आता लोक घरातल्या खोल्या देऊ लागलेत. बस वरच्या थांब्यांवरूनच खचाखच भरून येते. आरक्षण म्हणाल तर पाहुण्यांनी महिना-महिना आधी करून ठेवलेलं. मला आनंद व्हायला नको, पण संध्याकाळी बेरीज करताना होतो. खोटं कशाला बोलू.

ही संध्याकाळी वेळेवर आली. विशेष म्हणजे दमलेली नव्हती. पूर्वी मशीनवरून आली की दोन तास झोपायची, आज आल्या आल्या स्वयंपाकाला लागली. सवय झाली असावी. शहरातली मशीनं नवी आहेत, त्यानेही फरक पडत असेल. विचारलं तर म्हणाली, "हो, चांगली आहेत."

४ जून

हिचा चेहरा भरलाय. शेजारीण म्हणाली, वहिनी जरा अंगाने भरल्या. मला बरं वाटलं. पाय मात्र सुजलेत. मी बोललो तर म्हणाली, "तीन तास बसमध्ये पाय लोंबकळत ठेवून बघा, तुमचेही सुजतील." खरंच आहे.

१३ जून

हल्ली पलंगावर झोपत नाही. आरामखुर्चीत उशा लावून बसूनच झोपते. आडवं झालं की गुदमरतं म्हणते. उकाडाही बेसुमार आहे. पंखा खुर्चीकडे वळवून दिला. जिना चढताना दोनदा थांबली आणि मध्येच मला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी भिंतीचा रंग बघते."

मी डॉक्टरांना फोन करतो म्हटलं. "आठवड्यातून दोनदा डॉक्टरच बघतात ना मला," म्हणाली. तेही खरं. तरी मन लागत नाही. हंगाम संपला की चार दिवस रजा टाकून बरोबर जाईन, घेरी आली तर आली.

२२ जून

कालचं लिहितो. जमेल तेवढं.

बसस्थानकावर पाहुणे मोजणारा माणूस आजारी पडला, म्हणून मीच गेलो. अकराची गाडी आली, दारात माणसं लटकलेली. उतरले तेवढे मोजले. घसा सुकला म्हणून प्रतीक्षागृहात पाणी प्यायला गेलो. कोपऱ्यातल्या बाकावर ही बसली होती. पिशवी मांडीवर, डोळे मिटलेले. साडेसहाला मी तिला सोडलं होतं. या वेळी ती शहरात मशीनवर असायला हवी होती.

"अगं, तू इथे कशी?"

तिने डोळे उघडले. दचकली नाही. "झाले मोजून?" तिने विचारलं.

तिकिटाच्या खिडकीतला माणूस उठून आला. "काका, काकू तर बऱ्याचदा बसतात इथे. गाडीत चढायला मिळालं नाही की संध्याकाळपर्यंत बसतात आणि शहराची गाडी परत आली की घरी जातात. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

मी तिच्याजवळ बसलो. विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं तर तुम्ही मला भावाकडे टाकलं असतं." थांबून थांबून बोलत होती, दोन शब्दांमागे एक श्वास. "आठवड्यातून एकदा मिळायची गाडी. कधी उभं राहून. म्हटलं, हंगाम संपेपर्यंत निभेल."

"आणि नाही निभलं तर?"

"मशीनं तुमच्या आकड्यामुळे गेली ते सिस्टरने मला हुकूम आला त्याच दिवशी सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला कळलं असतं की माझी गाडी चुकते, तर तुम्ही स्वतःला फाडून खाल्लं असतं. त्यातून इतक्या वर्षांनी तुम्ही घरात शीळ घालत होतात. मी म्हटलं, घालू दे."

मी शीळ घालत होतो? मला माहीतसुद्धा नाही.

उठवलं तर तिला उठता येईना. ओठ निळे पडले होते. साहेबांना फोन केला, त्यांनी एक प्रश्न न विचारता स्वतःची गाडी पाठवली. वाटेत पाहुण्यांच्या गाड्यांची रांग तळ्यापासून हमरस्त्यापर्यंत. आमचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि एका गाडीतून एक लहान मुलगी आम्हाला हात हलवत होती.

२ जुलै

वाचली. फुप्फुसात पाणी भरलं होतं, सहा दिवस अतिदक्षता विभागात काढले. काचेतून बघत होतो, एकदाही घेरी आली नाही. आता यायचं कारणच काय, जे बघायचं ते बघून झालंय. डॉक्टर म्हणाले, हृदय दमलंय, आता एकही खेप चुकता कामा नये, मशीनच्या जवळ राहा. मेव्हण्याकडे नेलं. खिडकीतून खरोखर भिंत दिसते. लेक हॉस्टेल सोडून आईपाशी राहायला आली आहे. माझ्याशी नीट बोलत नाही. तिला कुणी सांगितलं की मी तिला वजा केलं होतं? कुणी सांगितलं नसेल. माझा चेहराच सांगत असेल.

निघताना हिने बाही धरली. "मला घरी न्या हो. कसंही करा. मशीन परत आणा नाहीतर मशीनशिवाय न्या. इथे नको."

५ ऑगस्ट

साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवला आणि म्हणालो, नवी मोजणी करू द्या, नाहीतर हा घ्या आणि मी पेपरवाल्यांकडे जातो. साहेबांनी राजीनामा परत दिला. "मोजा," म्हणाले. "दहा हजार भरले तर मी स्वतः सही करतो. मलाही झोप लागत नाही हो."

आरोग्य अधिकारीही म्हणाले, दहा हजारांच्या वर जाऊ द्या, मशीनं परत पाठवतो. नियम तो नियम, इकडूनही आणि तिकडूनही.

हिला फोनवर सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "लेकीला धरा हं यादीत. आणि मलाही."

"तू तर पहिली," मी म्हणालो.

१८ ऑगस्ट

रोज ऑफिस सुटलं की दारोदार. कुणाला वगळायचं नाही. हॉस्टेलवरचे, जहाजावरचे, लेकाकडचे म्हातारे, ज्यांचं इथे दार आहे ते सगळे इथले. दहा हजारांवर दोनशे काय, तीनशे निघतील. पाय दुखतात, पण मन हलकं आहे. हिला रोज संध्याकाळी आकडा कळवतो. ती तिकडे बेरीज करते, माझ्याआधी.

९ सप्टेंबर

वरच्या आळीत दार वाजवलं. टॉवेल गुंडाळलेला एक अनोळखी माणूस बाहेर आला. "खोली भाड्याने हवीय का? आम्हीच पाहुणे आहोत." घरमालक कुठे? शहरात गेले, सूनबाईंना दिवस गेलेत, इथे बाळंतपणाची सोय नाही. संपूर्ण घर पाहुण्यांना दिलंय. पुढचं दारही तसंच. त्यापुढचंही. शाळेच्या बाईंच्या घराला कुलूप. त्यांनी बदली मागून घेतली.

मी त्यांनाही धरलं असतं, पण शेजारी म्हणाले, शहरात नाव लावून घेतलंय. आता धरलं तर खोटं होईल, आणि या वेळी मला एकही खोटं माणूस नको आहे.

३० सप्टेंबर

सिस्टरच्या घरी गेलो. मशीनांबरोबर त्यांचीही बदली झाली, त्या कुटुंबासकट गेल्या. मला सांगितलं नव्हतं. खिडकीवर 'खोल्या उपलब्ध' अशी पाटी आहे. पायरीवर बसलो थोडा वेळ. एका पाहुण्याने विचारलं, तळ्याकडे कसं जायचं. सांगितलं.

आज हिला आकडा कळवला नाही. फोन लागला नाही म्हणून सांगेन.

२७ ऑक्टोबर

मोजणी संपली. आमच्या घरात तीन लिहिली. लेक धरून, ती धरून. तीनदा बेरीज केली, वरून खाली, खालून वर, आणि आळीनिहाय. नऊ हजार शंभर.

मार्चमध्ये मी खोटा आकडा लिहिला होता. आता तेवढा दाखवायचा म्हटला तरी सहाशे माणसं फुगवून लिहावी लागतील. साहेबांनी कागद हातात घेतला आणि खाली ठेवला. मग सवयीने, अगदी नकळत, त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. मला त्यांच्या ओठांवरून दिसलं. पुढच्या तक्त्यातही आपण पहिले येणार, दुसऱ्याला खूप मागे टाकून.

घरी आलो आणि लेकीच्या खोलीचं दार उघडलं. जूनपासून झाडली नव्हती. झाडायला घेतली, अर्ध्यातच खाली बसलो.

३० ऑक्टोबर

मेव्हणा म्हणतो, ताई जेवत नाही, पण संध्याकाळी फोनची वाट बघत बसते. डॉक्टर म्हणाले, फार दिवस सांगता येत नाहीत.

आज फोन केला.

"किती झाले?" तिने विचारलं. आवाज एवढा बारीक की फोन कानात रुतवला.

मी सांगायचं ठरवूनच फोन लावला होता. शपथेवर सांगतो, ठरवलं होतं. पण तोंडातून निघालं, "अजून मोजतोय. तळ्यापलीकडची घरं राहिलीत."

तळ्यापलीकडे नुसता खडक आहे. तिथे एकही घर नाही, कधी नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो खडक बघत आली आहे.

"सावकाश मोजा," ती म्हणाली. "घाई करू नका. कुणी सुटायला नको."